स्नायूंची यादी बाजूला ठेव, सांध्यापासून सुरुवात कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहेस, हाताचं डिसेक्शन, म्हणजे देहदान केलेलं शरीर उकलून शिकणं, संपून पायाचं सुरू झालंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो त्या ओरिजिन-इन्सर्शनचे तक्ते पाठ करतेस आणि चौथ्या दिवशी पाटी कोरी. पार्ट कम्प्लिशनच्या व्हायवात, म्हणजे एक भाग संपल्यावरच्या तोंडी परीक्षेत, सरांनी ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड, हातात दिला, तर तो उजवा की डावा हे सांगता आलं नाही. शेवटी विचारलंयस की एका टेबलाभोवती एवढी गर्दी असते, मग डिसेक्शनला उभं राहण्यापेक्षा रूमवर बसून व्हिडिओ बघितलेले काय वाईट?

मी सव्वीस वर्षं याच गावात हाडांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. रोज ओपीडीत बसतो, आठवड्यातून तीन-चार दिवस ऑपरेशन करतो. पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी मला पुढे रोज लागली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

तुझा घोळ त्या तक्त्यात आहे. तक्त्यात ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय (कुठला मज्जातंतू तो स्नायू चालवतो) आणि ॲक्शन (स्नायू काय हलवतो) असे चार रकाने शेजारी शेजारी असतात. वाचताना वाटतं की चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि चारही पाठच करायच्या आहेत. तसं नाही. स्नायू म्हणजे दोरी. ती कुठल्या सांध्यावरून जाते आणि सांध्याच्या कुठल्या बाजूने जाते, एवढं डोळ्यांसमोर आलं की ॲक्शन आपोआप कळते. पुढून गेली तर पुढे वाकवेल, बाहेरून गेली तर बाहेर उचलेल, हाडाला वळसा घालून गेली तर हाड फिरवेल. म्हणून आधी सांधा, मग त्याच्या हालचाली, मग प्रत्येक हालचाल करणारी दोरी, आणि नाव सगळ्यात शेवटी.

आत्ता वाचता वाचताच करून बघ. उजवा कोपर काटकोनात वाकव आणि डावा हात उजव्या दंडावर ठेव. आता कोपर न हलवता तळहात आधी जमिनीकडे कर, मग जोर लावून आभाळाकडे वळव. दंडातली बेटकुळी डाव्या हाताखाली टम्म फुगलेली लागेल. बायसेप्स कोपर वाकवतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण तळहात वर वळवण्याचं जोरकस काम त्याचंच आहे. आता रेडियस, म्हणजे कोपरापुढचं अंगठ्याच्या बाजूचं हाड, हातात घे. त्यावरचा उंचवटा, रेडियल ट्युबरॉसिटी, कुठे आहे बघ. बायसेप्स त्याच्या मागच्या भागावर चिकटतो. तळहात खाली वळला की रेडियस फिरतो आणि टेंडन, म्हणजे स्नायूचं हाडाला चिकटणारं टोक, त्याच्याभोवती गुंडाळला जातो, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा. मग स्नायूने ओढलं की भोवऱ्यासारखंच हाड फिरतं. हे एकदा बोटाखाली जाणवलं की बायसेप्सचं इन्सर्शन तुला जन्मात पाठ करावं लागणार नाही.

इथेच एक खाच आहे आणि व्हायवात हुशार मुलंही तिथे अडखळतात. हात बाजूला खांद्याइतका उचलून धर आणि हळूहळू खाली आण. खाली आणताना कुठला स्नायू काम करतोय? दहापैकी आठ जण हात अंगाकडे ओढणाऱ्या ॲडक्टर स्नायूंची नावं घेतात. खांद्यावरच्या डेल्टॉइडवर बोट ठेवून बघ, घट्ट लागेल. हाताला खाली ओढण्याचं काम गुरुत्वाकर्षणच करतंय. डेल्टॉइड हळूहळू लांब होत त्याला आवरतोय, विहिरीत बादली सोडताना आपण दोर हातातून सोडत जातो तसा. जमिनीवर उकिडवं बसतानाही तेच. गुडघा वाकतोय म्हणून मांडीच्या मागचे स्नायू काम करत असतील असं वाटतं, पण भार घेतात पुढचे क्वाड्रिसेप्स. गुडघेदुखीचे पेशंट मला रोज सांगतात, ‘डॉक्टर, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं.’ त्यांच्या त्या वाक्यात ही सगळी ॲनाटॉमी आहे. म्हणून प्रत्येक हालचालीला दोन प्रश्न विचारायची सवय लाव: वजन कुठे ओढतंय, आणि त्याला कोण धरून ठेवतंय?

पायाकडे येताना हे फार उपयोगी पडेल, कारण पायाचे बरेच स्नायू हालचाल करण्यापेक्षा पडू न देण्यासाठी आहेत. एका पायावर उभी राहा आणि त्याच बाजूला कमरेच्या हाडाच्या कडेखाली चार बोटं दाब. ग्लुटियस मीडियस दगडासारखा लागेल. उजव्या पायावर उभी असशील तर कंबर डावीकडे खाली पडू नये म्हणून तो उजवा स्नायू ओढून धरतो. तो किंवा त्याची सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह निकामी झाली की डावी बाजू खाली झुकते. ट्रेंडेलेनबर्गची टेस्ट ती हीच. बाजूचा गोंधळ होतो म्हणून मुलं ती पाठ करतात आणि नेमकी उलटी सांगतात. तू एका पायावर उभं राहूनच उत्तर देत जा, परीक्षेतसुद्धा. कुणी हसत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा काठी पेलणाऱ्याच्या कमरेकडे बघ. एवढी उंच काठी तोलून पाऊल उचलताना प्रत्येक पावलाला कुठल्या बाजूचा ग्लुटियस मीडियस भार घेतोय, हे मनात सांगत जा. मी अजूनही बघतो.

आता नर्व्ह. इथे तर तक्ता सरळ बंद करून ठेव. हातापायाचे स्नायू कप्प्यांत बसवलेले आहेत आणि साधारण एका कप्प्याची मालक एक नर्व्ह. दंडाचा पुढचा कप्पा मस्क्युलोक्युटेनियसचा, मागचा रेडियलचा. मांडीचा पुढचा फीमोरलचा, आतला ऑब्चुरेटरचा, मागचा सायाटिकचा. गुडघ्याखाली पुढचा डीप पेरोनियलचा, बाहेरचा सुपरफिशियल पेरोनियलचा, मागचा पोटरीचा टिबियलचा. मनगट ते कोपर या भागाची पुढची बाजू मीडियनची, दीड स्नायू सोडून. एक फ्लेक्सर कार्पी अल्नारिस आणि अर्धा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस, हे दीड अल्नरकडे. तळहाताचं उलट: सगळं अल्नरचं, फक्त अंगठ्याच्या उंचवट्यातले तीन स्नायू आणि पहिले दोन लंब्रिकल्स मीडियनचे. पाठ करायचे ते अपवाद: मांडीच्या मागच्या कप्प्यातलं बायसेप्स फीमोरिसचं छोटं डोकं कॉमन पेरोनियलचं, ॲडक्टर मॅग्नसचा मागचा भाग टिबियलचा, आणि ब्रेकिओरेडियालिस कोपर वाकवत असूनही रेडियलचा. अपवादांचं एक छोटं पान कर आणि पाकिटात ठेव.

रिफ्लेक्सचे रूट्स, म्हणजे हातोडी मारल्यावरचा झटका पाठीच्या कण्यातल्या कुठल्या मुळांतून येतो, ही तर मोजणीच आहे (एस त्रिकास्थीची मुळं, एल कमरेची, सी मानेची). घोट्यापासून वर चढायचं: घोटा एस १-२, गुडघा एल ३-४, बायसेप्स सी ५-६, ट्रायसेप्स सी ७-८. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. संपलं.

नर्व्हच्या बाबतीत एक प्रसंग सांगतो, माझ्या रेसिडेन्सीतला, दुसऱ्या गावातला. नडगी मोडलेला एक तरुण शेतमजूर होता. रात्रीच्या ड्युटीत मी त्याला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, मानेजवळ कापूस पुरेसा घातला नाही. पहाटे तो सिस्टरना म्हणत होता की पाऊल बधिर झालंय. निरोप माझ्यापर्यंत आला तेव्हा मी ‘पाय उंच ठेवा’ एवढंच सांगितलं आणि झोपलो. सकाळच्या राउंडला सरांनी त्याला अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा हलला नाही. पाऊलही वर येईना. खाली दाबता मात्र येत होतं. सरांनी तिथल्या तिथे प्लास्टर कापायला लावलं आणि मला एवढंच विचारलं, ‘फिब्युलाच्या मानेभोवती काय असतं?’ मला उत्तर येत होतं. पहिल्या वर्षाला त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते. कॉमन पेरोनियल नर्व्ह तिथे हाडावर फक्त कातडीखाली असते. पण ते उत्तर माझ्या वहीत होतं, रात्री दोन वाजता कापूस गुंडाळणाऱ्या हातात नव्हतं. त्या माणसाचं पाऊल परत वर यायला साडेतीन महिने लागले. आधी पाऊल थोडं उचललं जाऊ लागलं, अंगठा सगळ्यात शेवटी, कारण पाऊल उचलणाऱ्या टिबियालिस अँटीरियरला जाणारी फांदी आधी फुटते आणि अंगठ्याच्या स्नायूची त्याच्या खाली. ते साडेतीन महिने तो पाय फरफटू नये म्हणून गुडघा उंच उचलून चालत होता आणि मी दर आठवड्याला त्याची ती चाल बघत होतो.

म्हणून सांगतो, हाडावर नर्व्ह जिथे जिथे टेकते त्या जागा स्वतःच्या अंगावर बोटाने शोध. ह्यूमरसची सर्जिकल नेक: ॲक्झिलरी. मधल्या भागाची मागची खाच: रेडियल. कोपराच्या आतलं टोक, जिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात: अल्नर. कोपराच्या वर मोडलं, आणि लहान मुलांत ते फार मोडतं, की पुढे ब्रेकियल आर्टरी आणि मीडियन. हाड मोडल्याचा पेशंट आला की एक्स-रे बघायच्या आधी या जागेची नर्व्ह तपासायची.

आता हाडाची बाजू सांगण्याबद्दल. ह्यूमरसचं डोकं आत बघतं, कोपराजवळचा ऑलेक्रेनॉनचा खड्डा मागे असतो. एवढ्या दोन गोष्टींवर बाजू ठरते. पण हे वाचून येणार नाही. आम्ही होस्टेलवर एक करायचो, ते तू कर: कापडी पिशवीत दोन-तीन हाडं घालायची, आत हात घालायचा आणि न बघता सांगायचं, कुठलं हाड, उजवं की डावं, बोट आत्ता कुठल्या खुणेवर आहे. फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मागची लिनिया अस्पेरा बोटाला पहिल्यांदा लागेल तेव्हा तुझं तुलाच कळेल की चित्रातली ती रेघ खरं तर केवढी उठावदार कड आहे. सांगून झालं की हाड स्वतःच्या अंगाशी त्या जागी धरायचं. क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं आडवं हाड, गळ्याशी धरलंस की आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि बाहेरचा भाग चपटा का, ते दिसतं. आठवडाभर रोज वीस मिनिटं पुरतात.

सोबत लोकांचे शब्द शिक. तू दुसऱ्या वर्षाला वॉर्डात जाशील तेव्हा कुणी हिप जॉइंट म्हणणार नाही. खुबा, फरा, दंड, पोटरी, नडगी, घोटा, गुडघ्याची वाटी, माकडहाड. चमक निघते, कळ येते, उसण भरते, मुंग्या येतात, बधिर होतं. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. मुंग्या आणि बधिरपणा नर्व्हकडे बोट दाखवतात, उसण स्नायूकडे. आपल्याकडे बरेच पेशंट तेलुगू किंवा कन्नड बोलणारे. त्या भाषांतले दहा-दहा शब्दही वहीत असू दे. आणि पेशंट ‘कंबर दुखते’ म्हणाला की विचारायचं, ‘कुठे, बोट ठेवून दाखवा.’ हात बऱ्याचदा कमरेच्या खाली, कुल्ल्यावर जातो.

बोट ठेवायला सांगण्यावरून आठवलं. पूर्व भागातली एक बाई परवाच आली होती. पंचेचाळिशीची असेल, लग्नाआधीपासून विड्या वळते. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, उठून हात झटकला की बरं वाटतं, असं सांगत होती. मी म्हटलं, नेमकं कुठे ते दाखवा. तिने अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू दाखवली. करंगळीला काही नाही. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताच्या कातडीवर मी कापूस फिरवला, तो तिला नीट कळत होता. मग तिने तळहात वर करून टेबलावर ठेवला आणि मी अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगितला. उचलता उचलता तो लुळा पडला. ‘पान वळताना अंगठा साथच देत नाही,’ ती म्हणाली.

आता तुझी ॲनाटॉमी मांड. मनगटाच्या पुढे हाडांची खोबण आणि त्यावर फ्लेक्सर रेटिनॅक्युलमचं झाकण. या बोगद्यातून नऊ टेंडन जातात: बोटं वाकवणाऱ्या वरवरच्या फ्लेक्सरचे चार, खोलच्याचे चार, अंगठ्याच्या लांब फ्लेक्सरचा एक. आणि त्यांच्यात मीडियन नर्व्ह. जागा कमी पडली की दबते ती नर्व्ह. अल्नर झाकणाच्या वरून जाते, म्हणून करंगळी सुटली. तळहाताच्या कातडीची फांदी मीडियनपासून मनगटाच्या आधीच निघते आणि बोगद्यात शिरतच नाही, म्हणून कापूस कळला. अंगठा वर उचलणारा ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस मीडियनचा, म्हणून तो लुळा. त्या बाईच्या एका हातावर तुझ्या पुस्तकातली चार पानं उलगडतात. मनगटाचा भाग तू याच क्रमाने वाच: बोगदा, त्याच्या आत कोण, बाहेर कोण, आणि दबलं तर काय जाईल. या गावात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. त्या सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसतात. तुला हा पेशंट नक्की भेटणार आहे.

हिल्टनचा नियम पुस्तकात दोन ओळींत असतो आणि मुलं तो सोडून देतात. सोडू नकोस. सांध्यावरून जाणाऱ्या स्नायूंना जी नर्व्ह, तीच त्या सांध्याला आणि बहुधा वरच्या कातडीलाही. ऑब्चुरेटर खुब्यालाही फांदी देते आणि गुडघ्यालाही. त्यामुळे सात वर्षांचं पोर ‘गुडघा दुखतो’ म्हणून लंगडत येतं, गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ निघतो आणि रोग खुब्यात असतो. लहान मुलाचा गुडघा दुखला की खुबा फिरवून बघायचा, हे मला दुसरं काही आठवलं नाही तरी आठवतं.

रक्तपुरवठ्यात दोनच हाडांवर वेळ घाल. मनगटातल्या स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं, म्हणून ते मधल्या निमुळत्या भागात मोडलं की मनगटाकडचा तुकडा वाळून जातो. फीमरच्या मानेवरही तसंच: मानेला धरून वर जाणाऱ्या बारीक धमन्या तुटतात आणि डोकं मरतं. म्हातारी माणसं मोरीत पाय घसरून पडतात आणि त्यांचा बॉल बदलावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हे. हाडाच्या आत जाणाऱ्या न्यूट्रिएंट आर्टरीची दिशा एका ओळीत बसते: कोपराकडे जावे, गुडघ्यापासून पळावे. ऑसिफिकेशनच्या, म्हणजे हाड तयार होण्याच्या, तारखा सगळ्या पाठ करत बसू नकोस. कोपराचे सहा केंद्रबिंदू मात्र कर, साधारण १, ३, ५, ७, ९, ११ वर्षं: कॅपिट्युलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ऑलेक्रेनॉन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. क्रम माहीत नसेल तर लहान मुलाच्या कोपराच्या एक्स-रेमध्ये तुटलेला तुकडा आणि वाढीचं केंद्र यांत फरक करता येत नाही.

हिस्टॉलॉजी आणि फिजिऑलॉजीचा भाग तुलनेने सोपा आहे. सार्कोमियर, म्हणजे स्नायूतला आकुंचन पावणारा सगळ्यात छोटा तुकडा, हाताने दहा वेळा काढ, आकुंचन पावलेला आणि सैल, आणि कुठला बँड लहान होतो व कुठला तेवढाच राहतो ते लिही. आय बँड लहान होतो, ए बँड तेवढाच राहतो. पुढची सगळी सरकत्या तंतूंची कल्पना त्या दोन चित्रांत आहे.

आता डिसेक्शन की व्हिडिओ. व्हिडिओ जरूर बघ, पण आदल्या रात्री, पंधरा मिनिटं, म्हणजे उद्या टेबलावर काय शोधायचं ते कळेल. हॉल मात्र सोडू नकोस. चित्रात नर्व्ह पिवळी आणि आर्टरी लाल असते. टेबलावर दोन्ही राखाडी. बोटांत धरून आर्टरी पोकळ लागते, नर्व्ह भरीव दोरीसारखी. हा फरक ज्या बोटांना कळला त्यांना पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये उपयोग होतो. गर्दीवर उपाय आहे. सगळे पहिल्या तासाला घोळका करतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात हॉल रिकामा होतो. तेव्हा ग्लोव्ह्ज घालून थांब आणि आपलं टेबल झालं की शेजारचंही बघ. दोन माणसं आतून सारखी नसतात. आज मैत्रिणींना अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांग. मनगटाच्या मधोमध पामॅरिस लाँगसचा टेंडन उठून दिसेल, आणि एखादीला तो नसेलच. टेबलावरच्या त्या माणसाने आपलं शरीर तुझ्यासाठी दिलंय. पहिल्या दिवशी तू शपथ घेतली होतीस. हॉलमध्ये उभं राहणं हे त्या शपथेचंच काम आहे.

उजळणीचं गणित असं ठेव. जो भाग दुपारी बघितला, तो त्याच रात्री पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढायचा, चित्र वाईट आलं तरी चालेल. मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनने भरायचं. तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी पुन्हा कोरा कागद. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कोरा कागद समोर आला की खरं कळतं. आणि दोनच्या आधी झोप. तुझं चौथ्या दिवशी पुसलं जातंय त्यात या जागरणाचा वाटा मोठा आहे.

बोन सेट, म्हणजे अभ्यासाच्या हाडांचा संच, नवा घ्यायची घाई नको, सीनियरकडून वर्षभरासाठी मिळतो. उद्या हॉलमध्ये गेलीस की फिब्युला उचल, त्याची मान शोध. मग संध्याकाळी खुर्चीत बसून स्वतःच्या गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, फिब्युलाचं डोकं चाचप. तिथून बोट मागे-खाली सरकव आणि आडवं फिरव. कातडीखाली एक दोरी बोटाखालून घरंगळेल. तीच ती कॉमन पेरोनियल.